दत्तूमहाराज आणि मागचा दिवा

भटजी म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर पंचा, पळी-पंचपात्र आणि लाडवांच्या ताटाकडे लागलेली नजर येते. दत्तूमहाराजांकडे हे सगळं होतं आणि शिवाय एक फटफटी होती. तीही साधी नाही. विलायती, लढाईतून निवृत्त झालेली, बाजूला साइडकार जोडलेली. अमरावतीला अंबागेटच्या आतल्या बोळातून ती निघाली की ओट्यावरच्या बायका आधी पापड उचलत आणि मग शिव्या देत. डोक्याला कानटोपी, डोळ्यांवर लष्करी गॉगल, कासोटा घट्ट मारलेला आणि कानटोपीतून मागे निघालेली शेंडी वाऱ्यावर आडवी, असा हा धर्माचा प्रतिनिधी यजमानांच्या दारात उतरे, तेव्हा लहान पोरं घरात पळत आणि म्हातारे बाहेर येत.

छप्पन-सत्तावन्न साल असेल. मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत होते आणि महाराजांच्या घरी मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. देव मानत नाही, हे मी खोली बघायला गेले तेव्हाच सांगून टाकलं होतं. नंतर कटकट नको. महाराज म्हणाले, "नका मानू. देवाले तरी कुठं तुमच्या मानण्याची पडली हाय? नळ वाहता ठेवू नका, एवढं माना म्हंजे झालं."

त्यांना सगळे महाराज म्हणत, कारण आमच्याकडे भटजीला महाराजच म्हणतात. राज्य मात्र अंबूकाकूंचं होतं. काकू ठेंगण्या, गोऱ्या, आणि बोलायला लागल्या की कढईत मोहरी पडल्यासारख्या. मूलबाळ नव्हतं. त्यामुळे दोघांचं सगळं लक्ष एकमेकांच्या चुकांवर होतं आणि त्यात दोघंही कमी पडत नसत.

फटफटी आली ती दानात. बडनेऱ्याच्या एका जिनवाल्या शेटजींना साडेसाती होती. महाराजांनी पत्रिका बघून वाहनदान सांगितलं. त्यांच्या मनात एखादं शिंगरू होतं, फार तर जुनी बैलांची दमणी. शेटजी हिशेबी माणूस. त्यांच्या गोदामात ही फटफटी पडून होती. तिने एका मॅनेजरचा पाय मोडला होता आणि शेटजींच्या जावयाला विहिरीच्या काठापर्यंत नेऊन आणलं होतं. शेटजींनी तिलाच हार घातला आणि महाराजांच्या हातावर पाणी सोडलं. घेतलेलं दान परत करता येत नाही. महाराज ती ढकलत घरी घेऊन आले तेव्हा काकू दारात उभ्या होत्या.

"हे काय आणलं?"

"शेटजींचा शनी."

"अन् थो आपल्या घरी कावून?"

"त्याईचा गेला, तं कुठं तरी येईनच ना बापा."

पुढे महाराज ती चालवायला शिकले. कोणाकडून शिकले हे कळलं नाही, कारण शिकवणारा पुन्हा दिसला नाही. साइडकारला गल्लीत पाळणा म्हणत. त्यात एका अंगाला काकू आणि दुसऱ्या अंगाला पूजेचं सामान, दर्भापासून परातीपर्यंत. चांदूर रेल्वेच्या एका लग्नाला जाताना महाराजांच्या धोतराचा सोगा साखळीत गेला आणि साखळीने उरलेलं धोतर मागून घेतलं. महाराजांनी वधूपक्षाची शाल नेसून मंगलाष्टकं म्हटली. वरमाईने नंतर तक्रार केली की शाल मानाची होती. महाराज म्हणाले, "मंग मी काय तिचा अपमान केला? तिनं तं माही अब्रू राखली."

असा हा सुखाचा संसार चालला असता. पण मूर्तिजापूरच्या रस्त्यावर एकदा दिवेलागणीला मागून ट्रकने धडक दिली. फटफटीचा मागचा दिवा बंद होता आणि ट्रकवाल्याला हे दिसलेच नाहीत. धडक फार जोराची नव्हती, पण पाळणा काकूंसकट पऱ्हाटीच्या शेतात गेला. काकू बाहेर आल्या त्या केसांत कापूस आणि अंगावर पंचामृत घेऊन. घरी आल्या, आंघोळ केली, तुळशीपुढे उभ्या राहिल्या आणि उजव्या हातावर पाणी घेऊन म्हणाल्या, "आजपासून मागचा दिवा नसताना याईची गाडी फाटकाबाहेर गेली, तं हे घरी वापस येईस्तोवर मी अन्नाले शिवणार नाई." आणि पाणी सोडलं.

महाराजांना वाटलं, रागात बोलली. नंतर एकदा काकू देवळात गेलेल्या बघून ते बिनदिव्याचेच हिवरखेडला सत्यनारायणाला गेले. तिथे टायर गेलं, मग ट्यूब गेली, मग पाऊस. तिसऱ्या दिवशी परत आले, तर काकू पांढऱ्याफटक पडून होत्या आणि शेजारणी चमच्याने पाणी पाजत होत्या. मी समजावून थकले होते. महाराजांनी गॉगल न काढताच चूल पेटवली, पातळ खिचडी केली आणि स्वतः भरवली. त्यानंतर दिवा लागल्याशिवाय गाडी कधी फाटकाबाहेर गेली नाही. चालवणाऱ्याला आपला मागचा दिवा दिसत नाही. म्हणून रोज निघताना काकू मागे उभ्या राहत आणि "लागला" म्हणत. मगच फाटक उघडे.

आता तो दिवा टिकावा तरी! पण महिन्या-दीड महिन्याने तो जायचाच. गॅरेजवाल्याला हात लावू द्यायला महाराज तयार नव्हते. "आपली संध्या आपण करतो ना? का दुसऱ्याकडून करून घेतो?" असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे दिवा बदलण्याचा कार्यक्रम घरी, अंगणात, फटफटीचं तोंड पूर्वेला करून होई.

हा सोहळा मी अनेकदा पाहिला. महाराज आंघोळ करून सोवळं नेसून पाटावर बसत. शेजारी पत्रावळ. आचमन, प्राणायाम, मग संकल्प. त्यात देश आला, काळ आला, गोदावरीचं कोणतं तीर ते आलं आणि शेवटी "पृष्ठदीपप्रतिष्ठापनं करिष्ये". मग पान्हा हातात. काढलेला प्रत्येक इस्क्रू पत्रावळीवर तांदळाच्या पुंजक्यावर ठेवायचा, नवग्रहांच्या सुपाऱ्या मांडतात तसा. मंगळ कुठला, बुध कुठला हे त्यांचं ठरलेलं होतं आणि परत बसवताना चूक होत नसे. वायर कानशीने घासली, नवा बल्ब बसवला, की खरी पूजा. दिव्याला पाण्याचं प्रोक्षण, हळदकुंकू, अक्षता, फुलाने तेलाचा थेंब. हे सगळं आतल्या बल्बला आणि पितळी खोबणीला, काच लावायच्या आधी! मग काच बसायची आणि आतलं पाणी, तेल, कुंकू आतच राहायचं. महिन्याभरात खोबणीला हिरवं चढे आणि दिवा जाई.

काकू दर वेळी सांगत, "तुमीच पाणी घालता अन् तुमीच म्हणता इझला."

"पूजा नाही केली तं थो दिवा कायचा? नुसता बल्ब हाय."

"मले बल्बच पायजे."

या विषयावर त्यांच्या संसाराची निम्मी वर्षं गेली असावीत.

आमच्या शाळेत कुमुद नावाची शिक्षिका होती. गणित शिकवायची. एकोणिसाव्या वर्षी नवरा गेला होता, आईवडील आधीच गेलेले. अकोल्याच्या एका हायस्कुलातल्या ड्रॉइंग मास्तरांशी तिचं जमलं. मास्तरांचा होकार होता, पण त्यांच्या आईने एकच अट घातली होती: लग्न भटजीच्या हातून, होमासकट, गोरज मुहूर्तावर. कचेरीतलं सहीचं लग्न तिला मान्य नव्हतं. भटजी मिळाला तर ती सून घरात घेणार, नाही मिळाला तर नाही. मास्तर आईच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. त्यांच्यावर मला राग होता, पण लग्न माझं नव्हतं.

अकोल्यात एक भटजी तयार झाला. मार्गशीर्षातला दिवस ठरला. शाळेत परीक्षा होती म्हणून मी दुपारच्या गाडीने जाणार होते. ऐन निघायच्या वेळी कुमुदची तार आली. भटजी फिरला होता. त्याला जातवाल्यांनी गाठलं होतं आणि अकोल्यात दुसरं कोणी उभं राहत नव्हतं. "महाराजांना आणा," एवढंच पुढे होतं.

मी तार घेऊन अंगणात गेले. महाराजांनी ती वाचली, परत दिली आणि काकूंना म्हणाले, "अवं, सोवळं दे. दिवा गेलेला हाय."

या धावपळीत दुपारची रेल्वे चुकली होती. पुढची पोचणार रात्री. फटफटीशिवाय इलाज नव्हता, आणि दिव्याशिवाय फटफटी नव्हती. महाराज पाटावर बसले आणि आचमन करू लागले.

"महाराज, संकल्प रस्त्यात करा हो," मी म्हटलं.

"संकल्प न करता सुरू केलेलं काम कोणाचं असते, मास्तरीनबाई? कोणाचंच नाई." आणि शांतपणे गोदावरीच्या उत्तर तीरावर आले.

इतक्यात केशवशास्त्री आले. गल्लीतले सगळ्यांत मोठे वैदिक. कोणाच्या घरी कोणत्या भटजीने जायचं हे तेच ठरवत. तारेची बातमी माझ्याआधी गल्लीभर झाली होती.

"दत्तू, तू विधवेचं लग्न लावाले जाऊन राहिला म्हणते?"

"जाऊन कुठं राहिलो? दिवा तं लागू द्या. शास्त्रीबुवा, हे जरा धरा," म्हणून महाराजांनी काचेचे दोन इस्क्रू त्यांच्या हातावर ठेवले.

हातावर कोणी काही ठेवलं की मूठ मिटायची, ही भिक्षुकाची सवय. शास्त्रीबुवांनी मूठ मिटली आणि ते पुढे बोलत राहिले. धर्म, परंपरा, महाराजांचे वडील, आजोबा. मग शेवटी म्हणाले, "गेलास तं इतकं ध्यानात ठेव. या गावात तुले कोणी मुंजीले बोलावणार नाई, का मयतीले. तुह्या घरी काही झालं, तं आमच्यातलं कोणी तुह्या उंबऱ्यात येणार नाई."

महाराजांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उतरला होता. ही नुसती धमकी नव्हती हे त्यांना माहीत होतं. घर चालत होतं ते याच बोलावण्यांवर. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

काकू म्हणाल्या, "माह्याकडे काय पाहता? बल्ब कोरडा करा पयले. आज पाणी घालू नका."

महाराजांनी प्रोक्षणाची पळी बाजूला ठेवली आणि सोवळ्याच्या टोकाने खोबणी पुसली. शास्त्रीबुवा ताडकन वळले आणि फाटक आपटून गेले. दिवा पहिल्या झटक्यात लागला. महाराजांनी लाल काच बसवली आणि हात पुढे केला.

"मंगळ-बुध कुठं गेले?"

ते शास्त्रीबुवांच्या मुठीत गेले होते.

मी धावत त्यांच्या घरी गेले. दार लावलेलं. आत सोवळ्यात बसलेत असं त्यांच्या सुनेने खिडकीतून सांगितलं आणि खिडकीही लावली. परत आले तर महाराज पेटीतून नवं कोरं जानवं काढून काचेवरून आडवं-उभं गुंडाळत होते. मी नास्तिक, पण मलाही क्षणभर डोळे मिटावेसे वाटले.

"अवो, जानवं हाय थे!" काकू ओरडल्या.

"म्हणूनच तं सुटणार नाई. मुंजीपासून माह्या आंगावर हाय. कधी सुटलं काय?"

काकूंनी गाठ ओढून पाहिली, लाल उजेड पाहिला, आणि तरी त्यांचं समाधान होईना. जानव्यावर त्यांचा माझ्याइतकाच विश्वास होता. "मी येऊन राहिली," त्या म्हणाल्या. "उलटी बसीन अन् दिवा पाहत राहीन. विझला तं तिथंच गाडी थांबवा लागन."

आणि आम्ही निघालो. महाराज पुढे, मी मागच्या सीटवर एका अंगाने, मास्तरीणबाईची सगळी प्रतिष्ठा पदरात बांधून, आणि काकू पाळण्यात उलट्या, होमाच्या समिधा पायाखाली घेऊन. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. महाराज मान न वळवता ओरडत, "हाय काय?" काकू ओरडत, "हाय!" रस्त्यातले गाडीवाले बैल आवरून बघत राहत. काकूंना सगळी गावं निघून गेल्यावर दिसत होती. बोरगाव मंजू मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "बोरगाव आलं वाटते."

अकोल्यात जठारपेठेत मांडवासमोर उतरलो तेव्हा गुरं घरी परतत होती. मास्तरांचे थोरले बंधू जोडे घालून निघायच्या बेतात होते. कुमुद आत पाटावर बसून होती. तिने आमच्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. महाराजांनी गॉगल काढला. चेहरा धुळीने काळा आणि डोळ्यांभोवती दोन गोरी वर्तुळं.

मास्तरांची आई दोन पावलं मागे सरकली. "हे भटजी हायेत?"

"नाई तं काय कंडक्टर हायेत?" काकू म्हणाल्या.

"असं लग्न शास्त्रात बसते काय, महाराज?"

"बसते," महाराज म्हणाले. "अन् नाईच बसलं, तं मी सरकून जागा करीन. पाणी द्या पयले, तोंड धुतो."

त्यांनी मंगलाष्टकं म्हटली तेव्हा आवाजात धूळ होती, पण एक शब्द गाळला नाही. होम, सप्तपदी, सगळं यथासांग. त्या म्हातारीने शेवटी कुमुदची ओटी भरली. मी रडले आणि त्याची मला लाज वाटत नाही.

अमरावतीत मात्र शास्त्रीबुवा बोलल्याप्रमाणे वागले. विधवेचं लग्न हा एक गुन्हा, दिव्याला जानवं हा दुसरा. दुसऱ्या गुन्ह्याचाच बोभाटा जास्त झाला. काकू एका हळदीकुंकवात शास्त्रीणबाईंसमोर उभ्या राहून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आमचे इस्क्रू द्या." ते कागदात बांधून परत आले. बोलावणी आली नाहीत. ज्यांच्या घरातल्या प्रत्येक पोराचं नाव महाराजांनी ठेवलं होतं, तेही दुसऱ्याला बोलावू लागले. महाराज म्हणत, "बरं झालं, आता फटफटीकडे लक्ष देता येते." पण एका तिथीला मी पाहिलं, ते आंघोळ करून, पिशवी भरून, गंध लावून ओट्यावर बसले होते. कुठेच जायचं नव्हतं. मला त्या गल्लीचा इतका संताप आला की शाळेत मी विनाकारण पोरींना ओरडले. पुढे दूरच्या खेड्यांतली बोलावणी येऊ लागली. मेळघाटात सेमाडोहपर्यंत ते जात. अंबागेटच्या आत मात्र त्यांच्यासाठी एकही दार उघडलं नाही.

काही वर्षांनी माझी बदली अकोल्याला झाली. साठ सालानंतर कधीतरी काकू गेल्या. मला पत्र उशिरा मिळालं. मी कुमुदला घेऊन दहाव्या दिवशी सकाळी पोचले, तर घराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, वलगावला नदीवर गेलेत, एकटेच. कुमुद तिला विचारत होती, "भटजी कोण आहेत सोबत?" शेजारीण पदर तोंडाला लावून आत गेली.

आम्ही टांगा करून वलगावला गेलो. पेढी नदीच्या काठावर फटफटी उभी होती. नदीच्या अंगाला महाराजांनी समोरासमोर दोन पाट मांडले होते. एका पाटावर बसून ते मंत्र सांगत. मग गुडघ्यावर हात टेकून उठत, दुसऱ्या पाटावर जात, आणि तोच मंत्र यजमान म्हणून पुन्हा म्हणत. मग परत पहिल्या पाटावर. पायांना संधिवात होता, त्यामुळे प्रत्येक खेपेला वेळ लागत होता.

आम्हाला बघून ते म्हणाले, "बसा. दोघांचं काम एकट्याले करा लागून राहिलं. यजमान बरा हाय, पण भटजी लय म्हातारा झाला."

कुमुद पाण्यात उतरली, साडीसकट बुडी मारून वर आली आणि ओलेत्याने यजमानाच्या पाटावर जाऊन बसली. बायका हे करत नाहीत, हे तिला माहीत होतं आणि महाराजांना तर होतंच. ते तिच्याकडे बघत राहिले. मग समोरच्या पाटावर बसले, दर्भाचं पवित्र तिच्या बोटात घातलं आणि मंत्र पुढे सुरू केला.

मंत्रात एके ठिकाणी गेलेल्या माणसाचं नातं सांगावं लागतं. इतका वेळ ते तिथे "मम भार्यायाः", माझ्या बायकोच्या, असं म्हणत होते. त्या जागी आले आणि थांबले. ज्याला सगळे मंत्र झोपेत येत, तो माणूस एका शब्दावर अडला होता. नदीकडे तोंड करून त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"मम मातुः," ते म्हणाले. माझ्या आईच्या.

कुमुदने कसंबसं म्हटलं, "मम मातुः."

महाराजांनी उपरण्याने डोळे पुसले आणि तिच्यावर खेकसले, "मोठ्यानं म्हण, बाई. फटफटीनं कान गेले होते तिचे."